गर्भाशय प्रत्यारोपण : निधी कशासाठी, प्राधान्य कशाला ?



पुण्याच्या गॅलेक्सी केअर रुग्णालयात 18 मे 2017 रोजी डॉ. शैलेश पुणतांबेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोलापूरच्या एका तरुणीवर गर्भाशय प्रत्यारोपणाची शस्त्रक्रिया केली. तिला जन्मतःच गर्भाशय नव्हते; ते दिले तिच्या आईने. ऑक्टोबर 2018 मध्ये याच रुग्णालयात, अशीच शस्त्रक्रिया झालेल्या दुसऱ्या एका महिलेला कन्यारत्न झाले. तत्पूर्वी 2014 मध्ये स्वीडनमध्ये प्रत्यारोपित गर्भाशयातून जगातील पहिले मूल जन्मले होते, तर त्याच वर्षाच्या अखेरीस दक्षिण आफ्रिकेत एका तरुणावर जननेंद्रियाचे प्रत्यारोपण यशस्वी झाले होते.

या शस्त्रक्रियांनी प्राण वाचत नाहीत. मग त्यांवर सार्वजनिक निधी का खर्च करावा, असे विचारले जाते. धाराशिव जिल्ह्यात हा प्रश्न अधिकच बोचतो. येथील आणि शेजारच्या बीडमधील असंख्य कुटुंबे दरवर्षी ऊसतोडणीला जातात. मुकादमाची उचल फेडायची, खाडा झाला तर दंड भरायचा, अशा ओढाताणीत अनेक स्त्रियांनी ऐन तारुण्यात पिशवी काढून टाकली. 2019 मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीच्या काळात बीड जिल्ह्यातील सुमारे 82 हजार ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यांपैकी 13 हजारांहून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले.

तरीही केवळ प्राणरक्षण हीच उपचाराची कसोटी मानता येणार नाही. भाजून आखडलेला हात मोकळा करणे किंवा दुभंगलेला ओठ जोडणे यांस कोणी उधळपट्टी म्हणत नाही. गर्भाशयाविना जन्मलेल्या मुलीला मिळणारे टोमणेही खरेच असतात. मात्र या शस्त्रक्रियेत निरोगी दात्या स्त्रीला धोका पत्करावा लागतो, आणि शरीराने परके इंद्रिय नाकारू नये म्हणून ते असेपर्यंत गर्भाशय धारण करणारीस औषधे घ्यावी लागतात. म्हणून निवडक संस्थांत, संशोधनाच्या निधीतून, दोघींच्या प्रकृतीची दीर्घकाळ नोंद ठेवून हे कार्य चालावे. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या निधीला मात्र हात लागू नये.

धाराशिव येथे 2022 मध्ये सुरू झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासारख्या संस्थांपुढील पहिले काम निराळे आहे. पिशवी काढण्यापूर्वी प्रत्येक स्त्रीला तपासणी, औषधोपचार आणि दुसऱ्या तज्ज्ञाचा सल्ला मिळावा. तोडणीच्या फडाजवळ पाणी आणि शौचालय असावे. नवे गर्भाशय देणाऱ्या विज्ञानाचा गौरव अवश्य व्हावा. पण असलेले गर्भाशय विनाकारण गमावले जाऊ नये, ही जबाबदारी त्याहून आधीची आहे.