मातेच्या रक्तातील पूर्वसूचना

गर्भारपणातील मधुमेह हा अबोल विकार आहे. बहुधा त्यात तहान वाढत नाही, वेदना तर नसतेच. स्त्री घरची कामे करीत असते आणि तिच्या रक्तातील जादा साखर वारेतून बाळाकडे जात असते. बाळाचे स्वादुपिंड अधिक इन्शुलिन निर्माण करू लागते; बाळ प्रमाणाबाहेर वाढते, प्रसूती अवघड होते, आणि नाळ तुटताच बाळाच्या रक्तातील साखर एकाएकी उतरण्याचा धोका असतो.

हे घडते कसे? वारेतून स्रवणारी संप्रेरके मातेच्या शरीरातील इन्शुलिनचा प्रभाव मंदावतात. गर्भाला अन्न कमी पडू नये, म्हणून निसर्गाने केलेली ही योजना होय. बहुतेक स्त्रियांचे स्वादुपिंड जादा इन्शुलिन पुरवून तोल सांभाळते. ज्यांचे पुरे पडत नाही, त्यांना हा मधुमेह जडतो.

भारत सरकारच्या मार्गदर्शनानुसार पहिल्याच भेटीत ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून देऊन दोन तासांनी रक्त तपासतात. उपाशी येण्याची अट नाही. दूरवरून येणाऱ्या स्त्रीला ही मोठीच सोय. साखर १४० मिलिग्रॅमच्या आत असली, तर २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान पुन्हा तपासणी होते. पण तोवर निम्म्याहून अधिक गर्भकाल उलटलेला असतो.

साखर चढण्यापूर्वीच रक्त काही सांगते काय? मेदपेशींतून स्रवणारे अ‍ॅडिपोनेक्टिन पुढे मधुमेह होणाऱ्या अनेक स्त्रियांत आरंभीच कमी आढळले आहे. ट्रायग्लिसराइडे व काही अमिनो आम्ले वाढलेली दिसली आहेत. दिल्लीशेजारी गुरुग्रामच्या सरकारी रुग्णालयात, फरिदाबादच्या ट्रान्सलेशनल आरोग्य विज्ञान संस्थेच्या पुढाकाराने, २०१५ साली ‘गर्भिणी’ हा अभ्यास सुरू झाला. त्याचा मुख्य विषय अकाली प्रसूती. परंतु गर्भारपणाच्या आरंभापासून जपलेले रक्ताचे नमुने अशा प्रश्नांनाही उपयोगी पडतात. निष्पत्ती कळल्यावर मागे वळून पाहता येते.

परदेशी स्त्रियांवरून ठरविलेली खूण येथे जशीच्या तशी लागू पडेलच असे नाही. लोहाच्या अभावाने होणाऱ्या रक्तक्षयात तीन महिन्यांची सरासरी साखर दाखविणारी चाचणीही फसवी ठरू शकते. पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी तर दाखवून दिले, की भारतीय अर्भक वजनाने हलके असूनही त्याच्या अंगी मेद तुलनेने अधिक असतो.

म्हणून या नव्या खुणा अद्याप जुन्या चाचणीची जागा घेऊ शकलेल्या नाहीत. तोवर तो साखरपाण्याचा पेलाच विश्वासाचा. निदान वेळीच झाले, तर पुष्कळ स्त्रियांना आहार व चालणे एवढेच पुरते. उरलेल्यांसाठी औषध आहे. मात्र प्रसूतीनंतर सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी हवी, कारण बाळ घरी आले तरी मातेचा धोका संपलेला नसतो.