मधुमेह, रक्तदाब आणि शरीरातील संप्रेरके

(पांढुर्णा व सौंसर परिसरातील ग्रामस्थ, अधिकारी आणि शिक्षक यांच्यासमोर केलेले भाषण)



पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात गोटमार सुरू झाली, म्हणजे काठावर नुसत्या पाहत उभ्या असलेल्या माणसाचीही छाती धडधडू लागते. मूत्रपिंडांच्या माथ्यावर असलेल्या दोन लहान अधिवृक्क ग्रंथी त्या वेळी अ‍ॅड्रेनलिन नावाचे द्रव्य रक्तात सोडतात आणि रक्तदाब चढतो. एका ग्रंथीतून निघून रक्तावाटे दूरच्या अवयवास हुकूम पोहोचविणाऱ्या अशा द्रव्यास संप्रेरक अथवा हार्मोन म्हणतात. गोटमार संपली की हा दाब उतरतो. मधुमेही माणसाच्या शरीरात मात्र काही संप्रेरके रक्तदाब चढता ठेवतात आणि त्याची धडधडही जाणवत नाही. आज मला त्याविषयीच बोलावयाचे आहे.

हा प्रश्न थोडक्यांचा नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या सहभागाने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार आपल्या देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आणि सुमारे ३१ कोटी लोकांना उच्च रक्तदाब आहे. अनेकांना हे दोन्ही विकार एकत्र असतात. हा निव्वळ योगायोग नव्हे.

आपल्या संत्र्याच्या बागेतील ठिबकची नळी डोळ्यांपुढे आणा. नळीतील दाब तीन कारणांनी वाढतो : पाणी अधिक आले, नळी अरुंद झाली किंवा पंप जोरात चालू लागला. शरीरातही तसेच घडते. प्रौढपणी जडणाऱ्या मधुमेहात स्वादुपिंडातून निघणाऱ्या इन्सुलिनचा साखरेवरील अंमल कमी पडतो. म्हणून पहिली काही वर्षे शरीर ते अधिक प्रमाणात तयार करते. हे जादा इन्सुलिन मूत्रपिंडास मीठ राखून ठेवावयास लावते, मिठामागे पाणी थांबते आणि हृदयाचा पंपही जोर धरू शकतो. दुसरीकडे मूत्रपिंडातील रेनिनमुळे अँजिओटेन्सिन तयार होते. ते रक्तवाहिन्या आवळते आणि अधिवृक्क ग्रंथीकडून अल्डोस्टेरोन सोडविते. अल्डोस्टेरोन पुन्हा मीठच अडवून धरते. सुटलेल्या पोटाची चरबी या साखळीस आणखी बळ देते.

या दाबाचा मार प्रथम बसतो तो मूत्रपिंड, डोळ्यांचा पडदा, हृदय आणि मेंदू यांच्या वाहिन्यांवर. मूत्रपिंड बिघडले की रक्तदाब आणखी वाढतो आणि हे दुष्टचक्र फिरत राहते.

परंतु ही साखळी तोडता येते. ब्राझीलमधील एका सापाच्या विषाचा अभ्यास करताना शास्त्रज्ञांना अँजिओटेन्सिन रोखण्याची वाट सापडली आणि त्यातून निघालेले कॅप्टोप्रिल हे औषध १९८१ साली अमेरिकेत मान्य झाले. त्याच जातीची औषधे आज मधुमेही रुग्णाच्या मूत्रपिंडाचे रक्षण करतात. मात्र ती गर्भवतीस चालत नाहीत. म्हणून गरोदर अथवा मूल होऊ इच्छिणाऱ्या भगिनींनी डॉक्टरांस तसे अवश्य सांगावे. ब्रिटनमध्ये १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका दीर्घ अभ्यासात, मधुमेही रुग्णांचा रक्तदाब कसोशीने आटोक्यात ठेवल्यास पक्षाघाताचे प्रमाण ४४ टक्क्यांनी घटल्याचे दिसून आले.

खरा धोका आहे तो "आता बरे वाटते" या समजुतीत. बरे वाटते म्हणून गोळी बंद केली जाते. पण रक्तदाब दुखत नाही, खुपत नाही. तो यंत्रावरच दिसतो.

तेव्हा ज्यांना मधुमेह आहे त्यांनी साखरेबरोबर रक्तदाब प्रत्येक भेटीत मोजून घ्यावा आणि वर्षातून एकदा लघवीतील प्रथिनाची तपासणी करावी. तीस वर्षांवरील प्रत्येकाने आरोग्य केंद्रात दोन्ही तपासण्या करून घ्याव्यात. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा एक सपाट चमचाभर, असावे; त्यात लोणचे, पापड, ठेचा हे सारे आले. सैंधव हेही मीठच आहे, हे विसरू नये. तंबाखू सोडावा, रोज चालावे. तीन-तीन औषधे घेऊनही दाब उतरत नसेल, तर अल्डोस्टेरोन मुळातच अधिक नाही ना, याची तपासणी करण्याविषयी डॉक्टरांस विचारावे. त्यावर स्वतंत्र उपचार आहेत.

शिक्षकमित्रांस एक विनंती. हा विषय वर्गात सांगावा आणि "आजोबांनी आज गोळी घेतली का?" एवढा प्रश्न मुलांनी घरी विचारावा, असे करावे. मोठ्यांना जे डॉक्टरांचे पटत नाही, ते नातवाचे पटते.