टक्का बोटाचा की कामाचा?



भिलाई-३ च्या यार्डात पॉइंट्समनचा अंगठा गेला, तर भरपाईचा कायदा म्हणतो, कमाईची ताकद ३० टक्के गेली. ऑफिसातल्या बाबूचा गेला तरीही ३० टक्केच! आम्ही विचारतो, अंगठा नसलेल्या हाताने वॅगनचा हँडब्रेक आवळायचा कसा?

१९७५ साली सर्वोच्च न्यायालयापुढे एका सुताराचा दावा होता. त्याचा डावा हात कोपराच्या वर कापला होता. कोर्टाने हात मोजला नाही, काम पाहिले. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून नुकसान १०० टक्के धरले.

तेव्हा आमची मागणी सरळ आहे. तपासणी नुसत्या टेबलावर नको. शिडी, रात्रपाळी, वजन हे सारे पाहा. डॉक्टरांसोबत काम जाणणारा माणूस बसवा आणि कामगारालाही विचारा.

‘काम जमत नाही’ असा शेरा आला म्हणून घाबरू नका. नोकरीत अपंगत्व आले तर काढता येत नाही, दर्जाही उतरवता येत नाही. २०१६ च्या कायद्याचे कलम २० त्याच पगारश्रेणीत दुसरे काम द्यायला सांगते. मात्र वाचल्याशिवाय कोणत्याही कागदावर सही करू नका. आधी शाखेत या.

कामगार एकजुटीचा विजय असो!