मावशींचं नाव कोणत्या वहीत?



आपल्यापैकी अनेकांची लेकरं अमेरिकेत आहेत. नातवंडं सांभाळायला दरवेळी आजी-आजोबांना जमतंच असं नाही. मग तिथली काही घरं 'ओ पेअर' ठेवतात. ही जे-1 व्हिसावर परदेशातून आलेली तरुण मुलगी. ती घरातच राहते, मुलांचं करते आणि दर आठवड्याला ठरलेले पैसे घेते. तिथल्या कायद्याने ते उत्पन्न आहे, त्यावर विवरणपत्र भरावं लागतं. मात्र पहिली दोन कॅलेंडर वर्षं करापुरती ती बहुधा अनिवासी धरली जाते. कोरोनाच्या काळात, मार्च 2020 च्या कायद्याने अमेरिकेने प्रौढांना माणशी 1200 डॉलरपर्यंत मदत दिली, ती अनिवासींना वगळून. काहींनी चुकून रहिवाशांचा फॉर्म भरला होता, त्यांच्या खात्यात पैसे आले. करखात्याने ते परत करायला सांगितले! कर मागताना मात्र सरकारला तिचा पत्ता बरोबर सापडत होता.

आता आपल्या गावात येऊ. सिडको, गारखेडा, उल्कानगरी, कोणत्याही वस्तीत बघा, बाळाजवळ रात्रंदिवस राहणाऱ्या मावशी भेटतील. त्यांचं उत्पन्न आयकरापर्यंत पोचतच नाही (साबणावरचा जीएसटी तेवढा त्या भरतात). तुम्ही दिलेला पगार घरखर्चात जातो, त्याची वजावट मिळत नाही. म्हणून तो तुमच्याही विवरणपत्रात उमटत नाही. करखात्याच्या वहीत हे काम झालेलंच नाही.

तेव्हा मदत पोचायला दुसरी वही हवी. ती आहे, महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळाची, 2008 च्या कायद्याने आलेली. 13 एप्रिल 2021 रोजी कोरोनाचे कडक निर्बंध जाहीर करताना तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी रिक्षावाले, फेरीवाले यांच्याबरोबर घरेलू कामगारांनाही 1500 रुपये जाहीर केले. पण नोंदणीकृत असाल तरच.

नोंदणीसाठी आधार, वयाचा पुरावा, फोटो, पासबुक हे सगळं जमतं. अडतं ते मालकाच्या प्रमाणपत्रावर. चार घरची धुणीभांडी करणारीला चौघींतली एखादी ताई सही देते. राहून काम करणारीचं घर एकच. तिथल्या वहिनी "बघू" म्हणाल्या की विषय संपला.

वहिनी कंजूष असतात असं मी म्हणणार नाही. त्या घाबरतात. सही केली तर उद्या पीएफ मागेल, आयकरवाले दारात येतील, असं कुणीतरी सांगितलेलं असतं. पगार करपात्र मर्यादेच्या आत असेल तर त्यातून कर कापायचा नसतो, हे त्यांना कुणी सांगत नाही.

ऑगस्ट 2021 पासून असंघटित कामगारांसाठी केंद्राचं ई-श्रम पोर्टल आहे, तिथे स्वतःची नोंद स्वतः करता येते, मालकाची सही लागत नाही. ते जरूर करावं. पण मंडळाची मदत मंडळाच्या नोंदीवरच मिळते. वयाची 55 वर्षं पूर्ण झालेल्या, नोंद चालू ठेवलेल्या कामगाराला मंडळाकडून 10,000 रुपये सन्मानधन आहे आणि मंडळाची नोंद साठीपर्यंतच चालते. पन्नाशी उलटलेल्या मावशींना "पुढच्या वर्षी बघू" सांगणाऱ्या घरांनी एवढी वजाबाकी आज रात्री करून पाहावी.