पाण्याची वाटणी हाच दुष्काळाचा प्रश्न
(अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा सारांश)

दुष्काळ हा निसर्गाचा कोप आहे, असे आपणांस नेहमी ऐकविले जाते. पाऊस कमी पडणे निसर्गाच्या हाती आहे, हे खरे. परंतु पडलेले पाणी कोणाच्या शेतात जावे, हे समाजातील मालकीसंबंध ठरवितात.

महाराष्ट्राचेच उदाहरण घ्या. १९७२ च्या दुष्काळात लक्षावधी स्त्री-पुरुष खडी फोडण्यास व माती उपसण्यास दुष्काळी कामांवर गेले. त्यांच्या श्रमांतून पाझर तलाव उभे राहिले, त्यांच्या लढ्यांतून १९७७ चा रोजगार हमी कायदा आला. परंतु माती उपसणाऱ्या भूमिहीनास त्या तलावाच्या पाण्यावर हक्क मिळाला नाही. कारण आपल्याकडे पाणी जमिनीच्या मागे चालते. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याने जमीनमालकास जमिनीखालील पाणी उपसण्याचा हक्क दिला. ज्याची विंधन विहीर खोल, त्याचे पाणी. शेजाऱ्याची विहीर कोरडी!

एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहरास मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. आणि लातूर हा साखर कारखान्यांचा जिल्हा आहे. राज्यातील सिंचनाचे बहुतांश पाणी पिकांखालील अल्पशा क्षेत्रावरील ऊस पितो. तथापि ऊस लावणाऱ्या लहान शेतकऱ्यास शत्रू मानणे चूक ठरेल. ज्वारी आणि तुरीच्या खरेदीची शाश्वती नसते, तोवर तो उसाकडेच वळणार.

पर्याय नाही काय? पुरंदर तालुक्यातील नायगावी विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीने माणशी अर्धा एकर, कुटुंबास कमाल अडीच एकर इतक्याच क्षेत्रास पाणी दिले. भूमिहीनांचाही हक्क मानला आणि ऊस वर्ज्य केला. सांगली जिल्ह्यात येरळा नदीवर शेतकऱ्यांनी शासनाशी झगडून, नदीतील वाळू विकून बळीराजा धरण बांधले व समन्यायी वाटपाचे तत्त्व स्वीकारले.

परंतु एकेका गावाच्या निष्ठेने संपूर्ण खोरे सुटत नाही. म्हणून आपली मागणी स्पष्ट हवी : पाण्याचा हक्क जमिनीस नव्हे, माणसास द्या, पिण्याचे पाणी प्रथम राखा, कोरडवाहू पिकांची हमीभावाने खरेदी करा.

आपल्यापैकी ज्यांच्या शेतात विहीर आहे, त्यांना ही मागणी बोचेल. तरीही ती आपल्याच बैठकीत प्रथम मांडली पाहिजे. तसे न केल्यास शेतमजुराने आपल्या शब्दावर विश्वास का ठेवावा?