त्वचेखालचे सैल अस्तर
(वार्षिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



प्रशासनाच्या वतीने दरवर्षी आम्ही आपणापुढे जमाखर्च ठेवतो. तो याही अहवालात आहेच. आज त्यातील एकाच नोंदीविषयी बोलण्याची अनुज्ञा असावी. ती नोंद म्हणजे ‘ड्रेसिंग साहित्य’.

वाणिज्य शाखेतून आलेल्या आम्हांस हा खर्च नेहमी कोड्यात टाकीत असे. ‘यात काटकसर शक्य आहे काय?’ असा शेराही आम्हीच फाइलवर लिहिला होता. त्याच सुमारास एक मधुमेही शेतकरी दाखल झाले. तळपायात बाभळीचा काटा मोडलेला. मधुमेहाने पायाची संवेदना मंदावल्यामुळे वेदना फारशी नव्हती. हळद लावून त्यांनी चार दिवस शेतात काम केले. पाचव्या दिवशी पाय घोट्यापर्यंत लालबुंद होऊन सुजला. दोन बोटे गमवावी लागली आणि पुढे कित्येक आठवडे ड्रेसिंग चालले. काट्याएवढ्या जखमेचे असे का व्हावे, हे आम्ही शल्यचिकित्सकांना विचारले. त्यांनी कागदावर त्वचेचा छेद काढून आम्हांस समजावले.

त्वचेखाली, तसेच रक्तवाहिन्या व मज्जातंतूंभोवती एक मऊ, सैल अस्तर असते. त्यास विरल संयोजी ऊती म्हणतात. हाताच्या पाठीवरील कातडी चिमटीत धरली की ती सहज सरकते, ती या अस्तरामुळे. यात कोलॅजेनचे बळकट आणि इलॅस्टिनचे लवचीक तंतू विरळ विणीने पसरलेले असतात. मधल्या जागेत पाणी धरून ठेवणारे जेलीसारखे द्रव्य असते. त्यातील हायलुरोनिक आम्ल कार्ल मायर व जॉन पामर यांनी १९३४ साली प्रथम वेगळे केले, तेही गाईगुरांच्या डोळ्यांतून.

त्वचेच्या वरच्या थरात रक्तवाहिन्या नसतात. त्याला लागणारे पोषण या अस्तरातूनच पोहोचते. येथेच पहाराही असतो. भक्षक पेशी जंतूंना गिळतात. मास्ट पेशी हिस्टामिन सोडतात. त्यामुळे सूक्ष्म रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरतो आणि पांढऱ्या पेशींना जखमेपाशी येण्यास वाट मिळते. आपण जिला सूज म्हणतो, ती आरंभी आलेली मदतच असते.

परंतु मदतीला मोकळी असलेली वाट जंतूंनाही मोकळी असते. काही स्ट्रेप्टोकोकस जंतू हायलुरोनिक आम्लाचे विघटन करणारे द्रव्य सोडतात आणि सैल विणीतून पुढे सरकतात. या पसरणाऱ्या संसर्गास सेल्युलायटिस म्हणतात. मधुमेहात पायाचा रक्तपुरवठा अनेकदा अपुरा असतो आणि पांढऱ्या पेशींची शक्तीही क्षीण होते. म्हणून एका दिवसाचा विलंबही महाग पडतो.

संसर्ग आटोक्यात आल्यावर तंतुजनक पेशी नवे कोलॅजेन विणू लागतात. हे काम सावकाश चालते. तोवर जखम स्वच्छ राखणे, हेच ड्रेसिंगचे प्रयोजन. कोलॅजेनला प्रथिने व ‘क’ जीवनसत्त्व लागते. म्हणून रुग्णाच्या ताटात डाळ, अंडे, पेरू, आवळा असावा. हे समजल्यावर आम्ही तो शेरा खोडून टाकला.

रुग्णांच्या कुटुंबीयांना आमची कळकळीची विनंती आहे. घरात मधुमेही असल्यास त्यांचे तळवे रोज पाहावेत. अनवाणी चालू देऊ नये. जखमेवर चुना, राख वा तंबाखू लावू नये. बधिर पायाला शेक देऊ नये, पाय भाजला तरी कळत नाही. लाली, ऊब वा सूज दिसताच त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. लालीच्या कडेने पेनाने रेघ ओढून ठेवल्यास ती पसरते काय, हे डॉक्टरांना कळते. मात्र रेघ ओढून घरी वाट पाहत बसू नये. ताप, असह्य वेदना, फोड किंवा काळसर त्वचा दिसल्यास मध्यरात्रही पाहू नये, थेट रुग्णालय गाठावे.

देणगीदारांना एवढेच सांगणे आहे, की यंत्रावर नावाची पाटी लागते, कापसाच्या बोळ्यावर लागत नाही. तरीही आपल्या देणगीतील जो भाग गॉज, पट्ट्या आणि परिचारिकांच्या वेळेवर खर्च होतो, त्याने कोणाचा तरी पाय वाचतो. तो खर्च यापुढेही आम्ही हात आखडता न घेता करू. आपला लोभ असावा.