इंद्र रॉय रोड
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला चार शब्द बोलायला सांगितले आहेत. मी सातवी शिकलेली, भाषणाची सवय नाही. घरी बोलते तशीच बोलेन. चुकले तर सांभाळून घ्या.

लग्न होऊन मी कलकत्त्याला आले, त्याला बावीस वर्षे झाली. भवानीपुरातल्या इंद्र रॉय रोडचे नाव बाजाराला जाता-येता किती वेळा वाचले असेल! वाटे, असतील कुणी जुने वकील किंवा जमीनदार. परवा भाजी घेऊन येताना माझा धाकटा म्हणाला, "आई, तो विमान चालवायचा. एकोणीस वर्षांचा होता ग!" मी पिशवी घेऊन तिथेच उभी राहिले.

मग त्यानेच मला सगळे वाचून दाखवले. इंद्रलाल रॉय. जन्म याच शहरातला, २ डिसेंबर १८९८ चा. वडील बॅरिस्टर. शिक्षण लंडनच्या सेंट पॉल्स शाळेत. पहिले महायुद्ध पेटले आणि पोराला विमानाचे वेड लागले. दृष्टी कमी म्हणून आधी त्याला नाकारले. पठ्ठ्याने आपली मोटारसायकल विकली, त्या पैशात डोळ्यांच्या एका नामांकित डॉक्टरकडून पुन्हा तपासणी करवली आणि १९१७ साली भरती झालाच! त्याच डिसेंबरात त्याचे विमान कोसळले. मेला असे समजून त्याला प्रेतांच्या खोलीत ठेवले आणि शुद्धीवर येऊन त्याने आतून दार ठोठावले, अशी गोष्ट सांगतात. बरा झाला तो पुन्हा उडाला. १९१८ च्या जुलैत ६ ते १९ तारखेच्या आत १० विजय त्याच्या नावावर लागले. २२ जुलैला फ्रान्समध्ये आभाळातच झुंजताना गेला. विसावे पुरे व्हायला चार महिने उरले होते. पदक मिळाले ते मरणानंतर.

धाकटा विमानांचे सांगत होता आणि मी विचारत होते, "अरे, त्याच्या आईचे काय झाले?"

आईचे नाव ललिता. बायकांना मताचा हक्क मिळावा म्हणून १७ जून १९११ रोजी लंडनमध्ये हजारो बायकांची मिरवणूक निघाली. तीत साड्या नेसलेल्या हिंदी बायकांच्या तुकडीत ललिताबाई होत्या. तेव्हा इंद्र बारा वर्षांचा. पुढे १९१८ च्या फेब्रुवारीत तिथल्या तिशीवरच्या पुष्कळ बायकांना मत मिळाले, आणि जुलैत हिचा मुलगा गेला. एका वर्षात बाईने काय काय पाहावे!

कुणी म्हणेल, लढाई इंग्रजांची, आपल्या पोराने का मरावे? मलाही तसेच वाटले. पण आईच्या घरी तार येते तेव्हा ती निशाण बघत नाही.

फ्रान्समधल्या एस्तव्हेल गावी त्याची समाधी आहे. दगडावर बंगाली अक्षरे कोरली आहेत: ही महावीराची समाधी आहे, मान राखा, हात लावू नका, अशा अर्थाची. ज्या अक्षरांतल्या पाट्या मी इथे बाजारात अडखळत वाचायला शिकले, तीच अक्षरे तिकडे परमुलखात त्या पोराच्या उशाशी आहेत.

आता मनातले सांगते. माझा धाकटा सतरा वर्षांचा आहे. त्यालाही विमानदळात जायचे आहे. एनडीएचा अर्ज भरायचा म्हणून दोन महिने मागे लागला आहे. मी कधी "बाबांना विचार" म्हणते, कधी कुकरची शिट्टी झाली म्हणून उठून जाते. इंद्रची गोष्ट त्याने मला उगीच सांगितली नाही, हे मला कळते.

ललिताबाईंनी मुलाला अडवले की ओवाळून पाठवले, मला ठाऊक नाही. पण त्या स्वतः आपल्या हक्कासाठी भर रस्त्यातून चालल्या होत्या. तुझे मत मला नको, असे पोराला त्या कशा म्हणणार? आणि मी तर दोन महिने तेच म्हणते आहे.

भीती गेलेली नाही, जायचीही नाही. पण आज घरी गेले की गॅस बंद करून मी त्याच्यासमोर बसणार आहे, आणि त्याला काय म्हणायचे आहे ते शेवटपर्यंत ऐकणार आहे.

मैत्रिणींनो, त्या रस्त्याने जाल तेव्हा पाटीकडे एकदा बघा. बघताना त्याच्या आईचीही आठवण करा.